रात्री लेकराला धाप लागली तर... डिंभे खोऱ्यातल्या आईबापांनी हे वाचून ठेवा

डिंभे (ता. आंबेगाव) : आषाढातली रात्र होती. धरणाच्या बाजूनं पाऊस आडवा येत होता, लाइट संध्याकाळीच गेलेली. आमचं धाकटं, दीड वर्षाचं, दिवसभर नाक गळत होतं एवढंच. जेवला, खेळला, झोपला. बारा-साडेबाराला उठला आणि खोकायला लागला. तो खोकला कसला, कुत्र्याचं पिल्लू भुंकावं तसा आवाज. मध्येच श्वास आत ओढताना घशातून कर्कश घरघर, गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत जायचा. पोराच्या डोळ्यांत भीती. बायको म्हणाली, "अहो, ह्याला श्वास घेता येईना." आई चुलीपाशी गेली, "डबा झालाय त्याला, ओव्याची पुरचुंडी गरम करते." मी मात्र नुसता उभा. मोबाइलची बॅटरी घेऊन उभा राहण्यापलीकडे मला काही सुचलं नाही, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे.

पुढे काय झालं ते सांगतोच. पण त्या रात्रीनंतर आशाताई, नर्सबाई, बालरोगतज्ज्ञ अशा सगळ्यांना विचारून जे कळलं, ते आपल्या भागातल्या प्रत्येक घरात आधीच माहीत असायला हवं होतं असं वाटलं, म्हणून हा लेख. आहुपे, पिंपरगणे, असाणे, बोरघर, अडिवरे, तळेघर, इकडे शिनोली, घोडेगाव, वरती जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यातली गावं, सगळीकडे प्रश्न एकच. लेकराचा श्वास अडकतो रात्री, आणि डॉक्टर असतो लांब.

लहान मुलालाच एवढा त्रास का?

ठिबकची नळी डोळ्यापुढे आणा. मोठ्या पाइपात थोडा गाळ बसला तर पाणी येतच राहतं. बारीक लॅटरलमध्ये तेवढाच गाळ बसला की थेंब थांबतो. तान्ह्या मुलाची श्वासनळी चारेक मिलीमीटर रुंद. सर्दीनं आतून सगळीकडून एक मिलीमीटर सूज आली की रुंदी राहते निम्मी. आणि नळी निम्मी झाली की हवा ओढायला दुप्पट नाही, जवळजवळ सोळापट जोर लागतो. आपल्याला त्याच सर्दीत नुसता घसा बसतो, लेकरू मात्र पोट उडवत श्वास घेतं. त्यात मूल रडलं की हवा आणखी जोरात ओढली जाते आणि नळी आणखी आक्रसते. म्हणून जो तो डॉक्टर पहिली गोष्ट हीच सांगतो, की पोराला रडवू नका. आईच्या मांडीवर, उभं धरून, जवळ घ्या. दहा जणांनी भोवती गोळा होऊन "काय झालं, काय झालं" करणं बंद करा.

आवाज कधी येतो ते ऐका

ही मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट. आवाज श्वास आत घेताना येतोय की बाहेर सोडताना?

आत घेताना कर्कश आवाज आणि भुंकल्यासारखा खोकला असेल तर अडथळा वर आहे, स्वरयंत्राच्या आसपास. याला डॉक्टर 'क्रूप' म्हणतात. साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात होतो, विषाणूमुळे होतो, आणि हटकून रात्री वाढतो. आमच्या पोराला हेच होतं. बहुतेक मुलांत हा सौम्य असतो. दवाखान्यात डेक्सामेथासोन नावाच्या स्टेरॉइडचा एक डोस देतात, त्यानं काही तासांत सूज उतरते. जास्त असेल तर अ‍ॅड्रिनलिनची वाफ देतात आणि मग दोन-चार तास तिथंच थांबवून ठेवतात, कारण वाफेचा असर उतरल्यावर त्रास परत येऊ शकतो. त्यामुळे "बरं वाटतंय की, चला घरी" अशी घाई करू नका. शांत बसलेल्या मुलाच्या श्वासातही तो कर्कश आवाज येत असेल तर सकाळची वाट बघायची नाही. आणि लाळ गळतेय, गिळता येत नाही, ताप भडकलाय, मूल पुढे वाकून तोंड उघडं ठेवून बसलंय, असं असेल तर घशात चमचा घालून बघू नका, आडवं झोपवू नका. बसलेल्या स्थितीतच उचला आणि निघा.

बाहेर सोडताना शिट्टीसारखा बारीक आवाज येत असेल तर अडथळा खाली, छातीतल्या बारीक नळ्यांत असतो. वर्षाच्या आतबाहेरच्या मुलांत दोन-तीन दिवस नाक गळतं आणि मग ही शिट्टी सुरू होते, त्याला 'ब्राँकिओलायटिस' म्हणतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त असतो. हाही विषाणूचाच, म्हणून अँटिबायोटिकचा त्यात उपयोग नसतो. थोडं थोडं पण वारंवार दूध पाजणं, नाक मोकळं ठेवणं आणि लक्ष ठेवणं, एवढंच घरी करायचं. ज्या मुलाला दर सर्दीला शिट्टी येते त्याला डॉक्टर पंप लिहून देतात, सोबत स्पेसर नावाची नळी आणि मास्क. "पंपाची सवय लागते" म्हणून तो फडताळात ठेवून देणारी घरं मी पाहिली आहेत. सवयबिवय काही लागत नाही. औषध पोटातून फिरून येण्याऐवजी थेट छातीत जातं आणि डोसही कमी लागतो. किती पफ, किती वेळानं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद भिंतीला लावा.

आणि आवाज कसलाच नाही, पण श्वास भराभर चाललाय, ताप आहे, खोकला आहे? तर न्यूमोनिया. आपल्या आज्या ज्याला 'डबा' म्हणतात तो बहुतेक वेळा हाच.

मिनिटभर श्वास मोजा

न्यूमोनिया ओळखायला स्टेथोस्कोप लागत नाही. हे जगाला दाखवून देणाऱ्या कामातलं एक मोठं काम आपल्याच राज्यात झालं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच माणसांना, अगदी दाईंनासुद्धा, मुलांचे श्वास मोजायला शिकवलं आणि न्यूमोनियाची गोळी हातात दिली. ५८ गावांत हे केलं, शेजारच्या ४४ गावांत केलं नाही, आणि तुलना केली. जिथं गावातच उपचार झाले तिथं न्यूमोनिया झालेल्या मुलांपैकी शंभरात एकसुद्धा दगावलं नाही (०.८ टक्के), जिथं झाले नाहीत तिथं शंभरात तेराच्या वर गेली (१३.५ टक्के). १९९० मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. ज्या दाईंना मोठी मोजणी येत नव्हती त्यांच्यासाठी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी सरकवायचं साधं यंत्रही त्यांनी बनवलं. आज आपल्या आशाताई मूल बघायला येतात तेव्हा घड्याळ लावून छातीकडे बघत बसतात, त्यामागे अशी कामं आहेत. कुणी कुणी हसतं त्यांना, "नुसतं बघत काय बसलीस, औषध दे" म्हणून. हसू नका.

पद्धत सोपी. मूल शांत हवं, झोपलेलं असेल तर उत्तम. रडताना, दूध पिताना मोजायचं नाही. अंगावरचा कपडा वर करा, पोटावर उजेड पाडा. पोट एकदा वर-खाली झालं की एक श्वास. पूर्ण ६० सेकंद मोजा, १५ सेकंद मोजून चारनं गुणू नका, कारण लहान मुलाचा श्वास एका चालीनं चालत नाही. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे. ताप असेल तर पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे देऊन, ताप उतरल्यावर परत मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मात्र आकडा जास्त आला तर परत एकदा मोजून थेट दवाखानाच, घरी औषध नाही.

आकड्यापेक्षाही मोठी खूण म्हणजे छाती आत ओढली जाणं. श्वास घेताना बरगड्यांच्या खालचा भाग बाहेर यायच्या ऐवजी आत जातो. बायका म्हणतात 'पोट उडतंय', 'बरगड्या मोजून घ्या असं झालंय'. त्याबरोबर नाकपुड्या फुलणं, प्रत्येक श्वासाला कण्हणं, अंगावर पिऊ न शकणं, प्यालेलं सगळं उलटून टाकणं, झटके, हाक मारली तरी डोळे न उघडणं, ओठ-जीभ निळी-काळपट पडणं. यातलं एक जरी दिसलं तरी निघायचं. सावळ्या अंगावर निळेपणा पटकन कळत नाही, म्हणून ओठांच्या आतली बाजू आणि जीभ बघा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कोरोनापासून बऱ्याच घरांत आहे. ९० च्या खाली दाखवत असेल तर ते धोक्याचंच. पण मोठ्यांची क्लिप लेकराच्या बोटावर नीट बसत नाही. तेव्हा ते ९७ दाखवतंय आणि पोट उडतंय, तर विश्वास पोटावर ठेवा.

एक फसवी गोष्ट इथंच सांगतो. रात्रभर धापा टाकणारं मूल पहाटे एकदम गप्प झालं, श्वास हळू झाला, तर "उतार पडला" असं वाटतं. कधी कधी ते थकलेलं असतं. मूल बरं झालं असेल तर ते बघतं, दूध मागतं, हात पुढे करतं. यातलं काही नसेल आणि नुसतंच पडून असेल, तर उतार नाही.

आपल्याकडे केलं जातं ते

ओव्याची कोमट पुरचुंडी छातीला लावली तर माया लागते, अपाय नाही, उपचारही नाही. ती गरम करण्यात अर्धा तास मात्र जाऊ नये. पण चुलीतला विळा लाल करून पोटावर चटके देणं हा नुसता छळ आहे. मेळघाटातल्या अशा बातम्या आपण वाचतो आणि "तिकडं असतं ते" म्हणतो. मी तसं म्हणणार नाही, कारण पोटावर जुने डाग असलेली मोठी माणसं आपल्याही डोंगरात भेटतात.

धापा टाकणाऱ्या मुलाच्या तोंडात तेल, तूप, गुटी, काढा काही ओतायचं नाही. श्वास आणि घोट एकाच वेळी होत नाही, ओतलेलं फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया वर आणखी बसतो. नाकात तेल नाही. कापराचं मलम दोन वर्षांच्या आत नाकाजवळ नाही. मध वर्षाच्या आत नाही. उकळत्या पातेल्याचा वाफारा तर अजिबात नाही. क्रूपमध्ये वाफेचा ठोस फायदा दिसलेला नाही, आणि अंधारात धडपडणारं मूल नि उकळतं पाणी एकत्र आलं की काय होतं ते सांगायला नको. उलट दारात, ओट्यावर, गोधडीत गुंडाळून थंड हवेत पाच-दहा मिनिटं धरलं तर काही मुलांना आराम पडतो.

खोकल्याची बाटली. मागच्या सर्दीला एका मेडिकलवाल्यानं मला न विचारता दोन सिरप हातात दिले होते, मीही घेतले होते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात विषारी घटक असलेल्या कफ सिरपनं मूत्रपिंडं निकामी होऊन लहान मुलं गेली. त्यातली काही उपचाराला आपल्या नागपुरात आणलेली होती. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्यानं परत स्पष्ट सांगितलं, दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं द्यायची नाहीत आणि पाच वर्षांपर्यंतही सहसा नकोतच. कपाटातली अर्धी बाटली आज टाकून द्या.

शेंगदाणा, चिंचोका, फुटाणा

आतापर्यंतचं सगळं सर्दीतून येणारं. पण चांगलं खेळतं-हसतं मूल एका क्षणात घुसमटलं, तर आजार नाही, काहीतरी अडकलंय. आपल्याकडे शेंगा घरोघर वाळत घातलेल्या असतात, अंगणात चिंचोके, सीताफळाच्या बिया, बोरं. पोरगं रांगायला लागलं की हे सगळं तोंडात जातं. दाढा नसलेल्या मुलाला अख्खा शेंगदाणा द्यायचाच नाही, कूट करून द्या.

अडकलं तर आधी बघा, खोकतंय का? जोरात खोकतंय, रडतंय, आवाज निघतोय, तर हात लावू नका, खोकू द्या. खोकल्याइतका जोर आपल्या हातात नाही. आवाज बंद झाला, खोकला निघेना, चेहरा काळवंडायला लागला, तर लगेच सुरू करा.

वर्षाच्या आतलं असेल तर पालथं आपल्या हातावर घ्या, डोकं अंगापेक्षा खाली, जबडा बोटांनी धरलेला, गळा दाबायचा नाही. दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, पाच वेळा दाबा. निघेपर्यंत पाच-पाच. वर्षाच्या वरचं असेल तर मागे गुडघ्यावर बसा, त्याला पुढे वाकवा, पाठीवर पाच थापा. मग मागून मिठी मारून एक मूठ बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली ठेवा, दुसऱ्या हातानं ती धरा आणि आत-वर असे पाच झटके. तान्ह्याच्या पोटाला झटके द्यायचे नाहीत, हा फरक विसरू नका.

तोंडात बोट घालून चाचपडायचं नाही, अडकलेलं आणखी खाली जातं. समोर दिसत असेल तरच काढा. पाय धरून उलटं टांगून हलवायचं नाही. मूल बेशुद्ध झालं तर जमिनीवर ठेवा, १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवा आणि छाती दाबायला लागा. छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं, ३० वेळा दाबून दोन श्वास तोंडानं. दर वेळी श्वास देण्याआधी तोंडात बघा. हे वाचून येत नाही, उशीवर करून बघा. खरंच करा, पोरं हसतील, हसू दे.

निघालं तरी दवाखान्यात दाखवा. आणि एक लक्षात ठेवा, शेंगदाण्याचा तुकडा कधी कधी श्वासनळीत खाली जाऊन बसतो. घुसमट थांबते, सगळे विसरून जातात. आठ-पंधरा दिवसांनी एका बाजूच्या छातीत शिट्टी, न हटणारा खोकला, परत परत न्यूमोनिया. डॉक्टरला "त्या दिवशी शेंगदाणा खाताना ठसका लागला होता" हे एक वाक्य सांगितलं तर निदान होतं. मग मोठ्या रुग्णालयात दुर्बीण घालून तो काढता येतो.

विंचू, साप आणि बाटल्या

पावसाळ्यात आपल्याकडे श्वास लागण्याचं हेही कारण असतं, आणि ते लक्षातच येत नाही. भाताचा पेंढा, सरपण, दगडी बांध इथं विंचू असतो. तांबड्या विंचवाचा दंश मोठ्याला बऱ्याचदा नुसता कळा देतो, लेकराला जीवघेणा ठरू शकतो. आधी किंचाळणं, मग घाम, उलट्या, हातपाय गार, आणि काही तासांत हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी, धाप, तोंडाला फेस. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अशी मुलं बघितली आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीनं ती वाचतात हे दाखवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे औषध आहे, ते स्वस्तही आहे, फक्त वेळेत पोचायला हवं. मांत्रिकाकडे विंचू उतरवण्यात ते तास जाऊ देऊ नका.

मण्यारही रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दुखत नाही, सूज नाही, दात दिसत नाहीत. पहाटे मूल पोट दुखतं म्हणतं, पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही, मग श्वास थांबायला लागतो. शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत वर्षानुवर्षं सर्पदंशावर काम करत आहेत, शाळाशाळांतून सांगत आहेत. खाटेवर आणि मच्छरदाणी नीट खोचून झोपा.

राहिलं रॉकेल आणि फवारणीचं औषध. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवतो आपण, मूल पाणी समजून पितं. उलटी करवू नका, विशेषतः रॉकेलला. बाटली बरोबर घ्या आणि निघा.

रडता रडता काळंनिळं

काही मुलं पडली, रागावली की रडतात, रडता रडता श्वास धरतात, निळी होतात, क्षणभर शुद्धही हरपते. घरच्यांचा जीव जातो, मुलाचा जात नाही. मिनिटाच्या आत ते आपोआप श्वास घेतं. कुशीवर ठेवा, तोंडात काही घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका. पहिल्या वेळी डॉक्टरला दाखवा आणि रक्त तपासा, कारण अशा बऱ्याच मुलांत लोह कमी असतं आणि ते भरून काढलं की हे कमी होतं.

निघायचं कसं

आता आमच्या रात्रीवर येतो. मी १०८ लावला. २०१४ पासून राज्यात ही सेवा आहे, फुकट आहे, गाडीत डॉक्टर आणि ऑक्सिजन असतो. समोरच्यानं विचारलं पत्ता, आणि मी "डिंभ्यात, आमच्या घरी" म्हणालो. घाबरल्यावर असंच होतं. तालुका, गाव, वाडी, जवळची खूण (शाळा, देऊळ, फाटा), मुलाचं वय, श्वासाचा त्रास, एवढं एका दमात सांगायचं. गाडी लांब होती. मग शेजारच्या पिकअपवाल्याला उठवलं, फोन चालू ठेवला, आणि गाडीनं घोडेगावकडून यायचं, आम्ही डिंभ्याहून निघायचं, वाटेत भेटायचं असं ठरलं. शिनोलीच्या पुढे निळा-लाल दिवा दिसला. डॉक्टरनं पोराला आईच्या मांडीवरून हलवलंसुद्धा नाही, तिथंच मास्क लांबून धरला. मास्क बघून ते रडायला लागल्यावर म्हणाला, "नको असेल तर लांब धरा, रडवू नका." घोडेगावात ग्रामीण रुग्णालयात औषध दिलं, वाफ दिली, पहाटेपर्यंत थांबवलं. सकाळी सातला त्यानं बिस्कीट मागितलं.

आम्ही डांबरी रस्त्यावर राहतो, म्हणून हे जमलं. आहुप्याच्या घाटमाथ्यावरच्या किंवा पाणलोटाच्या पलीकडच्या वाडीला हे गणित वेगळं आहे. तिथं रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं, दरड आली की रस्ता बंद, आणि माळीणनंतर पावसात रात्री डोंगराखालून गाडी काढायला माणूस दहा वेळा विचार करतो. म्हणून अशा गावांत नियम उलटा हवा. रात्री त्रास वाढेल असं वाटलं तर दुपारीच खाली या. जलद श्वास दिसला की आशाताई किंवा उपकेंद्राच्या नर्सबाईंना त्याच दिवशी दाखवा. न्यूमोनियाचं अमॉक्सिसिलिन सरकारी यंत्रणेतून फुकट मिळतं, पण दिलेले दिवस पूर्ण करा, "हसायला लागलं" म्हणून मध्येच बंद करू नका. रात्रीबेरात्री येणाऱ्या दोन गाडीवाल्यांचे नंबर, आशाताईंचा नंबर आणि १०८ मोठ्या अक्षरात दारामागे खडूनं लिहा. त्या वेळी मोबाइलमध्ये नाव सापडत नाही. घोडेगावला नाही जमलं तर मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, तिथून पुढे पुणे. पुढे पाठवलं तर चिठ्ठी मागून घ्या, कोणतं औषध किती वाजता दिलं ते तिच्यावर असतं.

लसींचं कार्ड काढून एकदा बघा. न्यूमोनियाची पीसीव्ही लस २०२१ पासून सरकारी लसीकरणात फुकट आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळा. खासगीत ती बरीच महाग पडते. ऊसतोडीला, बागेच्या कामाला, वीटभट्टीवर बाहेर गेलेल्या घरांची नेमकी नऊ महिन्यांची लस चुकते.

आणि चूल. गॅस आलाय, उज्ज्वलाचं सिलिंडर कोपऱ्यात आहे, पण भरून आणायचे पैसे आणि गाडीभाडं यात चूलच पेटते, हे मला माहीत आहे, आमच्याकडेही पाणी चुलीवरच तापतं. निदान ओलं सरपण पेटवलेलं असताना लेकरू त्याच खोलीत पाठीवर बांधून बसू नका. पावसाळ्यात दारं बंद, धूर आत, हाच काळ खोकल्याचा. आम्ही त्या रात्रीनंतर पडवीत पत्रा टाकून चूल बाहेर काढली. आई चार दिवस बोलली नाही. आता तीच नातवाला घेऊन आत बसते नि बाहेर बायकोला हाक मारून सांगते, दार लोटून घे गं, धूर येतोय.